उशिरा निघणारं विमान

१६ जुलै १९९९, शुक्रवारची संध्याकाळ. अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात एसेक्स काउंटी नावाचा एक छोटा विमानतळ आहे. तिथे छोट्या, बहुतेक एका इंजिनाच्या आणि हौशी वैमानिकांच्या विमानांची ये-जा असते. त्या संध्याकाळी एकाच बेटाकडे जायचं म्हणून दोन वैमानिक तिथे आले होते. बेटाचं नाव मार्थाज व्हिनयार्ड. पाऊस नव्हता, वादळ नव्हतं. हवा नुसती धुरकट होती, आपल्याकडे मे महिन्यात लांबचे डोंगर पुसल्यासारखे होतात तशी. पहिल्या वैमानिकाने त्या हवेकडे पाहिलं, उड्डाण रद्द केलं आणि तो घरी गेला. दुसऱ्याने ८ वाजून ३८ मिनिटांनी विमान आकाशात नेलं.

दुसऱ्याचं नाव जॉन एफ. केनेडी ज्युनियर. वय ३८. सोबत त्याची पत्नी कॅरोलिन आणि तिची बहीण लॉरेन. सुमारे तासाभराने, बेट अगदी टप्प्यात आलेलं असताना, ते विमान समुद्रात कोसळलं आणि तिघंही गेले.

पहिल्या वैमानिकाची गोष्ट एका वाक्यात संपली, कारण न झालेल्या उड्डाणाचा कोणी अहवाल लिहीत नाही. दुसऱ्याच्या उड्डाणाची मात्र मिनिटामिनिटाची नोंद अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने केली. गेल्या वर्षभरात मी तो अहवाल अनेकदा वाचला. माझी भाची विदर्भातल्या एका विमानप्रशिक्षण संस्थेत शिकते आहे, हे त्याचं कारण. तिचा फोन वाजला की पहिली दोन सेकंदं मी श्वास धरून असते. ‘मावशी, आज फ्लाइंग कॅन्सल’ असं ती वैतागून सांगते, तेव्हा तिचा वैताग मला कळतो. व्यावसायिक परवान्यासाठी २०० तासांचं उड्डाण लागतं, प्रत्येक तासाचे पैसे मोजलेले असतात, आणि बहिणीने घर तारण ठेवलेलं आहे. तरीही ते वाक्य ऐकून मला बरं वाटतं. हा लेख त्या वाक्याविषयी आहे.

केनेडीच्या अहवालातली एक नोंद मी पहिल्या वाचनात ओलांडून गेले होते. दुपारी एकच्या सुमारास विमानतळावरच्या एका कर्मचाऱ्याने फोन केला, तेव्हा केनेडीने सांगितलं होतं, की तो साडेपाच ते सहाच्या दरम्यान पोचेल. त्या दिवशी बेटावर सूर्यास्त ८ वाजून १४ मिनिटांनी होता. सहा-साडेसहाला विमान निघालं असतं तर आठच्या आत, उजेडात, बेटावर उतरलं असतं. प्रत्यक्षात सगळे जमेपर्यंत आठ वाजून गेले. विमान तेच, माणसं तीच, वाट तीच. पण दुपारी ठरवलेलं उड्डाण दिवसाचं होतं आणि निघालेलं उड्डाण रात्रीचं होतं. दुपारचा निर्णय संध्याकाळी तसाच पुढे सरकला. तो पुन्हा नव्याने घ्यायला हवा होता.

सुरक्षित उड्डाणावरच्या पुस्तकांत हवामान, यंत्र, वैमानिक असे धडे असतात. घड्याळाचा वेगळा धडा क्वचितच दिसतो. पण छोट्या विमानाच्या बाबतीत दोन तासांच्या उशिराने वाराही बदलतो, उजेडही बदलतो, माणसाचा थकवाही बदलतो. आपण बसथांब्यावर उभे असल्यासारखे म्हणतो, ‘उशीर झाला, आता तरी निघू.’

केनेडीकडे सुमारे ३१० तासांच्या उड्डाणाचा अनुभव होता. हौशी वैमानिकासाठी तो अगदीच थोडा नाही. पण पायपर साराटोगा हे नवं, वेगवान विमान त्याच्या हाताला तेवढं सरावलेलं नव्हतं. त्यात त्याचे साधारण ३६ तास झाले होते, आणि प्रशिक्षक शेजारी नसताना त्याने ते सुमारे ३ तासच चालवलं होतं. त्यातलं रात्रीचं उड्डाण तासाभराचंही नव्हतं. केवळ उपकरणांकडे पाहून उडण्याचं प्रशिक्षण त्याने सुरू केलं होतं, पुरं केलं नव्हतं. दीड महिन्यापूर्वी पॅराग्लायडिंग करताना घोटा मोडला होता, त्या पायावरचा आधाराचा बूट नुकताच निघाला होता. दुसऱ्या दिवशी चुलत बहिणीचं लग्न होतं. त्याच्या एका प्रशिक्षकाने ‘मी सोबत येतो’ असं सुचवलं होतं. त्यावर आपल्याला हे एकट्याने करायचं आहे, असं त्याने सांगितलं. या एकेका गोष्टीसाठी कोणी उड्डाण रद्द करेलच असं नाही. त्या सगळ्या एकाच संध्याकाळी एकत्र आल्या होत्या.

आणि नियम? नियमात सगळं बसत होतं. अमेरिकेत नुसत्या डोळ्यांनी बघून रात्री उडायला परवानगी आहे आणि विमानतळांवरच्या नोंदींतली दृश्यमानता मर्यादेत होती. पण विमानतळावरचं यंत्र जमिनीलगतची हवा मोजतं. काळ्या समुद्रावर, हजारो फुटांवरून, धुरकटातून तिरपं पाहणाऱ्या डोळ्याला काय दिसेल, ते त्याला मोजता येत नाही. त्याच रात्री नॅनटकेट बेटाकडे गेलेल्या दुसऱ्या एका वैमानिकाची साक्ष अहवालात आहे. वाटेत त्याने मार्थाज व्हिनयार्ड दिसतं का, म्हणून त्या दिशेला पाहिलं, तर एकही दिवा दिसेना. बेटावरची वीज गेली असावी असं त्याला वाटलं. वीज गेली नव्हती. तो वैमानिक सुखरूप उतरला.

केनेडीचं विमान साडेपाच हजार फुटांवरून कनेटिकटच्या किनाऱ्याशेजारून चाललं होतं. उजव्या हाताला अंधार, पण डाव्या हाताला गावांचे दिवे. ऱ्होड आयलंडपाशी किनारा सोडून ते उघड्या समुद्रावर गेलं आणि दिवे संपले. बेटाच्या अलीकडे सुमारे ३४ मैलांवर ते खाली यायला लागलं. मग रडारवर वळणं दिसतात. उजवीकडे, पुन्हा थोडं वर, डावीकडे, परत उजवीकडे. शेवटी ते मिनिटाला ४,७०० फुटांहून जास्त वेगाने खाली गेलं. विमानात ऑटोपायलट बसवलेला होता. उड्डाणानंतर केनेडीने कोणत्याही हवाई नियंत्रण कक्षाशी संपर्क साधल्याची नोंद नाही. मंडळाने काढलेलं कारण असं: दिशाभ्रमामुळे विमानावरचा ताबा गेला, आणि धुरकट हवा व काळोखी रात्र त्याला कारणीभूत ठरली.

हा दिशाभ्रम म्हणजे काय, ते मी भाचीच्या प्रशिक्षकांकडून समजून घेतलं. ते हवाई दलातून निवृत्त झालेले, फार कमी बोलणारे गृहस्थ आहेत. त्यांनी मला फिरत्या खुर्चीवर बसवलं, डोळे मिटायला सांगितले आणि खुर्ची संथ फिरवत ठेवली. थोड्या वेळाने मला खात्री वाटू लागली, की खुर्ची थांबली आहे. ती थांबली नव्हती. मग त्यांनी खरोखर थांबवली, तर मी उलट दिशेने फिरते आहे असं वाटलं. कानाच्या आत तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात, त्यांत द्रव असतो. आपण वळलो की द्रव मागे राहतो आणि मेंदूला वळण कळतं. वळण तसंच चालू राहिलं तर वीसेक सेकंदांत द्रवही त्याच वेगाने फिरू लागतो आणि वळण कळेनासं होतं. क्षितिज दिसत असेल तर डोळे कानाची चूक सुधारतात. क्षितिज नसेल तर वैमानिक कलत्या विमानाला सरळ समजतो, आणि सरळ करायला गेला तर ते कलल्यासारखं वाटतं. विमान कललं की नाक खाली जातं. तो नाक वर खेचतो, त्याने वळण आणखी घट्ट होतं आणि उंची जातच राहते. ‘शरीर खोटं सांगत असतं,’ सर म्हणाले, ‘आणि अगदी छातीठोकपणे सांगत असतं.’

१९५४ साली इलिनॉय विद्यापीठाने यावर एक प्रयोग केला होता. उपकरणांवर उडायचा सराव नसलेले २० जण निवडले, आणि हवेत बाहेरचं काही दिसणार नाही अशी व्यवस्था करून विमान त्यांच्या हाती दिलं. विसाच्या वीस जणांचा ताबा सुटला. १९ जण त्याच फिरत खाली जाणाऱ्या वळणात सापडले. कोणी २० सेकंद टिकलं, कोणी ४८०. सरासरी आली १७८ सेकंद. वैमानिकांच्या जगात १७८ हा आकडा भीती घालण्यासाठी सांगितला जातो. प्रयोगाचा मूळ हेतू मात्र वेगळा होता. चुकून ढगात शिरलेल्या साध्या वैमानिकाला शांतपणे उलटं वळून बाहेर येता येईल अशी सोपी रीत शिकवता येते का, हे संशोधकांना पाहायचं होतं. शिकवल्यावर बहुतेक सगळ्यांना ते जमलं. म्हणजे त्या प्रयोगाचा अर्धा भाग परत फिरण्याविषयीचा होता, आणि तोच अर्धा लोक विसरले. मला याचं फार वाईट वाटतं.

भारतात सूर्यास्तानंतर नुसत्या डोळ्यांच्या भरवशावर एका गावाहून दुसऱ्या गावी उडायला परवानगी नाही. हवाई नियंत्रणाने मुभा दिली तर विमानतळाच्या आसपासची आणि फ्लाइंग क्लबांची काही सरावाची उड्डाणं होतात, एवढंच. आपल्याकडच्या पुष्कळ नियमांवर लोक कुरकुरतात. या नियमाबद्दल मी मनापासून कृतज्ञ आहे. पण नियम खालची मर्यादा सांगतो. ५ किलोमीटरपर्यंत दिसलं पाहिजे, ढगांपासून अमुक अंतर राखलं पाहिजे, असं तो म्हणतो. ५ किलोमीटर दृश्यमानतेत वीस वर्षांच्या मुलीने, पहिल्यांदाच एकटीने, अनोळखी मुलखावरून जावं का, याचं उत्तर त्यात नाही. ते उत्तर तिचं तिलाच शोधावं लागतं.

त्यासाठी भाचीकडे एक वही आहे. शाळेची असते तशी शंभर पानी. पहिल्या पानावर तिने स्वतःच्या मर्यादा लिहून काढल्या आहेत. तिच्या सेसना १७२ च्या पुस्तिकेत आडवा वारा १५ नॉटपर्यंत हाताळून दाखवल्याचं म्हटलं आहे. तिच्या वहीत एकटीसाठी ८ नॉट लिहिलेत. दृश्यमानता नियमात ५ किलोमीटर, वहीत ८. इंधन नियमापेक्षा अर्धा तास जास्त. सूर्यास्ताआधी एक तास चाकं जमिनीवर. त्याखाली सहा प्रश्न: आजारी आहेस का, औषध घेतलं आहेस का, ताण आहे का, दारू, झोप, आणि मन ठिकाणावर आहे का. हे सहा प्रश्न जगभर विचारले जातात. वहीतली पहिली ओळ मात्र तिच्या सरांची आहे. आकडे आदल्या रात्री लिहायचे आणि सकाळी बदलायचे नाहीत. सकाळी विमान समोर उभं असतं, इंधन भरलेलं असतं, आणि माणसाला उडायचंच असतं. अशा वेळी १०चे ८ सहज होतात. आदल्या रात्री, जेवण झाल्यावर, खाटेवर बसून तेच आकडे लिहिताना हात सैल सुटत नाही.

आकडे कागदावर असले की ‘नाही’ म्हणणंही सोपं होतं. नकार वहीने दिलेला असतो, तुमचा भित्रेपणा तिथे मोजला जात नाही. वीस-बावीस वर्षांच्या मुलामुलींच्या होस्टेलमध्ये याची फार गरज असते. कोणी किती तास पूर्ण केले याची तिथे रोज मोजदाद होते.

दबाव वैमानिकाच्या मनातून येतो, तसा बाहेरूनही येतो. एप्रिल १९९६ मध्ये जेसिका डुब्रॉफ नावाची सात वर्षांची मुलगी, वडील आणि प्रशिक्षक यांच्यासह, अमेरिका आरपार उडून जायला कॅलिफोर्नियातून निघाली. ठिकठिकाणी मुलाखती ठरलेल्या, कॅमेरे वाट पाहत असलेले. दुसऱ्या दिवशी, ११ तारखेच्या सकाळी, शायन गावी वादळी पाऊस विमानतळापर्यंत येऊन ठेपला होता. ते गाव सहा हजार फुटांहून उंच. विमान ठरल्या वजनापेक्षा ९६ पौंडांनी, म्हणजे सुमारे ४४ किलोंनी जड. ते पावसात उडालं, त्याचा वेग पडला आणि ते एका रस्त्यावर कोसळलं. तिघंही गेले. चौकशीने बिघडत्या हवेत निघण्याच्या प्रशिक्षकाच्या निर्णयावर बोट ठेवलं. शिवाय, अतिमहत्त्वाकांक्षी वेळापत्रक आणि प्रसारमाध्यमांना दिलेले शब्द पाळण्याची इच्छा, हेही कारणांत स्पष्ट लिहिलं. वाट पाहणारे लोक अपघाताच्या कारणात असू शकतात, हे मी तिथे पहिल्यांदा वाचलं.

उंचीचा मुद्दा आपल्यासाठी दूरचा नाही. हवा तापली की विरळ होते आणि विमानाला ती उंचावरच्या हवेसारखी लागते. नागपूर समुद्रसपाटीपासून हजारेक फुटांवर आहे. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेला की धावपट्टीवरचं विमान ५ हजार फुटांच्या आसपास असल्यासारखं वागतं. धाव लांबते, चढ मंदावतो. सकाळी सातला तीन माणसं घेऊन सहज उडणारं विमान दुपारी दोनला तीच तीन माणसं घेऊन जड होतं. इथेही घड्याळ.

वाट पाहणाऱ्या लोकांत मीही एकदा होते. काही वर्षांपूर्वी हिमालयातल्या एका यात्रेत आमचं हेलिकॉप्टर ढगांमुळे रद्द झालं. खिडकीतल्या मुलाशी मी आवाज चढवून भांडले. पैसे भरले आहेत, म्हाताऱ्या सासूबाई सोबत आहेत, समोरचा डोंगर तर दिसतो आहे, असं काय काय बोलले. शेजारी प्लास्टिकच्या खुर्चीवर एक माणूस गप्प बसून चहा पीत होता. तो वैमानिक होता, हे मला नंतर कळलं. माझं प्रत्येक वाक्य त्याच्या कानांवर पडत होतं. तासाभराने ढग थोडे विरळ झाले तेव्हा त्याच्या मनाच्या तराजूत माझाही आवाज कुठेतरी पडला असेल, या विचाराने आजही मला अस्वस्थ वाटतं. १५ जून २०२५ च्या पहाटे केदारनाथहून परतणारं हेलिकॉप्टर गौरीकुंडाजवळ खराब हवेत कोसळलं. सात जण गेले. त्यात यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीचं एक कुटुंब होतं, लहान मुलीसह. ती बातमी वाचताना मला तो चहा पिणारा माणूस आठवत होता.

त्यामुळे आता माझं मत पक्कं आहे. छोट्या विमानात किंवा हेलिकॉप्टरमध्ये बसणाऱ्याने परतीचा दुसरा मार्ग आधीच तयार ठेवावा, मग तो रेल्वेचं तिकीट असो, गाडी असो की एक जादा मुक्काम. तिकडे वाट पाहणाऱ्यांना आधीच कळवावं, की येणं हवेवर आहे. आणि निघण्यापूर्वी वैमानिकाला एकदा, सगळ्यांसमोर, म्हणावं: तुम्हाला वाटलं तर आपण नको जाऊ या. एवढं एक वाक्य ऐकलं तर वैमानिकाच्या खांद्यावरचं निम्मं ओझं उतरतं, असं सरांनी मला सांगितलं. नेतेमंडळींच्या प्रचारदौऱ्यांत तर हे वाक्य लेखी द्यायला हवं. दिवसाला पाच सभा आखणाऱ्या कार्यकर्त्याला सूर्यास्त किती वाजता आहे, हे ठाऊक असलंच पाहिजे.

जानेवारीत मी भाचीकडे गेले होते. दुसऱ्या दिवशी तिचं लांब पल्ल्याचं एकटीचं उड्डाण होतं. ३०० सागरी मैल, मध्ये दोन विमानतळांवर उतरायचं आणि परत यायचं. परवान्याच्या वाटेवरचा मोठा टप्पा. साडेआठला निघायचं ठरलं होतं. सकाळी सहाला आम्ही हँगरपाशी पोचलो तेव्हा धावपट्टीचं दुसरं टोक दिसत नव्हतं. तापमान १३, दवबिंदू १२. हे दोन आकडे इतके जवळ आले की धुकं धरणारच, असं तिने मला समजावलं. विंडसॉक ओल्या पिशवीसारखा लोंबत होता. तरी तिने विमानाची पूर्ण तपासणी केली. पंखांवरचं दव पुसलं, टाकीतून थोडं निळसर इंधन पारदर्शक नळीत काढून उजेडासमोर धरलं, तळाशी पाण्याचा थेंब नाही हे मला दाखवलं. मग आम्ही बाकावर बसलो. साडेआठ झाले, साडेनऊ झाले. कुंपणापलीकडच्या तुरीच्या शेतातून पाखरांचे आवाज येत होते, पण शेत दिसत नव्हतं.

सव्वाअकराला धुकं फाटायला लागलं. साडेअकराला ऊन पडलं, आभाळ निळं झालं आणि हँगरमध्ये एकदम गडबड सुरू झाली. दोन मुलं आपापल्या सरावाच्या फेऱ्यांसाठी पळत गेली. हवामान विभागाचा नवा अहवाल आला. दृश्यमानता वाढलेली, वारा शांत. मला वाटलं, आता ही निघणार. तिने हेडसेट उचलला होता.

मग तिने वही उघडली. १२ ला निघालं तर हवेत तीन तासांहून थोडं जास्त, दोन ठिकाणी मिळून दीड-दोन तास, म्हणजे परत यायला पाच-सव्वापाच. त्या दिवशीचा सूर्यास्त पावणेसहाच्या आसपास. एखाद्या ठिकाणी इंधनाची गाडी अर्धा तास उशिरा आली, की संपलं. नियमाने पाहिलं तर ती जाऊ शकत होती. वहीत सूर्यास्ताआधी एक तास लिहिलेला होता.

सर दारात उभे होते. त्यांनी विचारलं, ‘काय करतेस?’

‘सर, साडेआठचं प्लॅनिंग होतं. हे वेगळं उड्डाण आहे.’

‘मग?’

‘आज नाही. उद्या सकाळी पुन्हा बघते.’

सरांनी मान हलवली. तिने विमानतळ प्राधिकरणाला दिलेला फ्लाइट प्लॅन रद्द करायला फोन लावला. फोनवरच्या माणसाने कारण विचारलं असावं, कारण ती म्हणाली, ‘वेळ.’ मग विमानाच्या चाकांना पुन्हा चोक लावले, पंख दोरांनी बांधले, आणि हेडसेटची वायर गुंडाळत ती माझ्याजवळ आली. चेहरा उतरलेला होता. ‘मावशी, भूक लागली आहे,’ ती म्हणाली. कँटीनमध्ये पोहे संपले होते, गरम भजी निघत होती. आम्ही उन्हात बसून ती खाल्ली. वर तिच्या वर्गातल्या मुलाचं विमान घोंघावत विमानतळाभोवती फिरत होतं. प्रत्येक फेरीला ती मान वर करून त्याचं वळण बघत होती.